बोअर करण्याआधी

परभणी जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या मातीच्या सपाटीचा आहे. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगा आणि दक्षिणेला गंगाखेड तालुक्यात बालाघाटाचे डोंगर लागेपर्यंत वाहनाला दम लावावा लागत नाही, आणि म्हणूनच जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरची ओढ कमी होत असल्याचे मालकाच्या ध्यानात फार उशिरा येते. मानवत-परभणी रस्त्यावर एकट्या माणसाला घेऊन ठीक चालणारी चेतक मागे दुसरा माणूस बसवून चढाला लागली की चौथ्या गिअरमधून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात उतरवावी लागते, आणि मग ती कारागिराच्या दारात येते ती ‘पिकअप राहिला नाही’ या एका वाक्यासह. या वाक्याला अनेक दुकानांत एकच उत्तर ठरलेले असते, ते म्हणजे बोअर करून (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून) नवा पिस्टन टाकणे. हे उत्तर काही वेळा बरोबर असते; परंतु तपासणीआधीच ते दिले जाते, ही या व्यवसायातील आजची खरी अडचण आहे.

चेतक १९७२ मध्ये बाजारात आली आणि तिचे टू-स्ट्रोक रूप बंद होऊनही आता दोन दशके लोटली आहेत. या काळात कारागिरांची जी पिढी तयार झाली तिचा हात फोर-स्ट्रोक इंजिनावर बसलेला आहे, आणि फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक ज्या पेटीत फिरतो ती पेटी, केवळ तेलाचे भांडे असते. तिला बारीक गळती लागली तर खाली तेलाचा डाग पडतो, ओढीवर परिणाम होत नाही. टू-स्ट्रोकमध्ये मात्र ही पेटी पंपाचे काम करते. पिस्टन वर जाताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पेटीत ओढले जाते, पिस्टन खाली येताना ते तेथे दाबले जाते आणि ट्रान्सफर पोर्ट या नावाच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे इंजिनाचा श्वास खालच्या अर्ध्या भागात आहे, आणि तो भाग हवाबंद नसेल तर वरच्या भागात कितीही नवा माल बसवला तरी सिलिंडरमध्ये पुरेसे मिश्रण पोहोचतच नाही.

ही पेटी हवाबंद ठेवण्याचे काम क्रँकच्या दोन टोकांवरील दोन ऑईल सील करतात, आणि दोन्ही बाजूंची गळती वेगवेगळी लक्षणे दाखवते. क्लचच्या बाजूचे सील कडक होऊन फाटले की इंजिन गिअरचे ऑईल आत ओढू लागते. धूर दाट होतो, प्लग ओला व काळा निघतो, आणि मुळात पाव लिटरच्या आसपास असलेले ऑईल बाहेर कोठेही थेंब न सांडता कमी होत जाते. उलट दिशेने दाबाखालचे मिश्रण गिअरबॉक्समध्ये शिरले तर तेथील ऑईल पातळ होऊन त्याला पेट्रोलचा वास येतो, म्हणून ऑईलचा नट सोडून चार थेंब बोटांवर घेणे ही या तपासणीची स्वस्तातली सुरुवात आहे. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर धूर वाढत नाही, आणि म्हणूनच तो दोष अधिक घातक ठरतो. तेथून कोरडी हवा आत येते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते, थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचा वेग चटकन उतरत नाही, प्लग पांढरट पडतो आणि पिस्टन तापून पकडतो. अशा इंजिनाला बोअर करून घट्ट पिस्टन बसवला तर कॉम्प्रेशन वाढल्यामुळे काही दिवस ओढ सुधारल्यासारखी वाटते, परंतु गळती तशीच असल्याने हाच नवा पिस्टन जुन्यापेक्षा लवकर पकडतो, आणि दोष लेथवाल्याच्या किंवा पिस्टनच्या माथी मारला जातो. चेतकच्या सिलिंडरचा मूळ व्यास ५७ मिलिमीटर आहे. प्रत्येक ओव्हरसाइजला भिंतीची जाडी कमी होते आणि मोजक्याच फेऱ्या हाती असतात, तेव्हा सीलच्या दोषापायी त्यातील एक फेरी खर्ची घालणे हे मालकाचे न भरून येणारे नुकसान आहे.

चेतकच्या घराण्यातील इंजिनांत मिश्रण आत घेणारे छिद्र क्रँकचा गोल भाग फिरता फिरता झाकतो आणि उघडतो. त्या भागात आणि केसच्या पृष्ठभागात फट अत्यंत बारीक असते, आणि फिल्टरविना चाललेल्या गाडीत रस्त्याची धूळ तेथे घासून चरे पाडते. चरे पडले की दाबलेले मिश्रण कार्ब्युरेटरकडे उलटे येते आणि कार्ब्युरेटरचा डबा आतून पेट्रोल-ऑईलने ओला राहतो. पिकअप वाढतो या समजुतीने फिल्टरची जाळी काढून टाकण्याची सवय या जिल्ह्याच्या धुळीत किती महागात पडते, हे असा एक डबा उघडून पाहिल्यावर समजते.

श्वास घेण्याइतकेच तो सोडणेही महत्त्वाचे असते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑईल पूर्ण जळत नाही आणि त्याचा काजळीचा थर एक्झॉस्ट पोर्टवर व सायलेन्सरच्या आत साचत जातो. लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे दोन टक्के, हे प्रमाण सोडून ‘इंजिन सुरक्षित राहावे’ म्हणून दुप्पट ऑईल घालणाऱ्यांच्या गाडीत तो लवकर साचतो. जास्त ऑईलने आणखी एक नुकसान होते, ते असे की कार्ब्युरेटरच्या जेटमधून जाणाऱ्या द्रवातील पेट्रोलचा वाटा कमी झाल्याने मिश्रण उलट कोरडे पडते. सायलेन्सर तुंबलेली गाडी जागेवर सुरळीत चालते, परंतु थ्रॉटल वाढवला की आवाज दबतो आणि एका वेगापुढे ती जात नाही. सायलेन्सर सोडून एक क्षण इंजिन चालवले आणि ते मोकळेपणाने वर गेले, तर निदान झाले. तो सायलेन्सर हातात घेतल्यावर नव्यापेक्षा जड लागतो, हीसुद्धा खूण पुरेशी बोलकी आहे.

उष्णतेचा मुद्दा या जिल्ह्यात वेगळा सांगावा लागतो, कारण मे महिन्यात येथील पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो. चेतकचे इंजिन पत्र्याच्या आत झाकलेले असून मॅग्नेटवरील पंख्याची हवा सिलिंडरभोवतीच्या कव्हरमधून पंखांवर, म्हणजे फिन्सवर, नेली जाते. एकदा काढलेले कव्हर परत न बसवणे किंवा तेलकट धुळीने भरलेल्या फिन्स तशाच ठेवणे याचा परिणाम दहा-पंधरा किलोमीटरनंतर दिसतो. सकाळी तपासणीत निर्दोष ठरलेली गाडी दुपारी दम टाकते. गरम झाल्यावरच मिसिंग करणारी आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरळीत होणारी गाडी असेल, तर कंडेन्सर आणि कॉईलही त्याच वेळी, इंजिन तापलेले असतानाच, तपासावेत. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले असले तरी गाडी अशीच काही अंतर जाऊन मंदावते, आणि तेथे दुरुस्तीला एक टाचणी पुरते.

इंधनही बदलले आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण कोरडे होते, ते ओलावा शोषून घेते आणि टाकीतील वर्षानुवर्षांची घाण सैल करून जेटकडे पाठवते. त्यात पीयूसीच्या यंत्रावर आकडा बसावा म्हणून हवेचा स्क्रू सोडला गेला, तर चाचणीत उत्तीर्ण झालेली गाडी उन्हात पकडण्याच्या बेताला येते. जेट एका क्रमांकाने वाढवून प्लगचा रंग पुन्हा पाहणे आणि नळी व फ्लोटच्या सुईसारखे सुटे भाग वेळेवर बदलणे हे काम आता नित्याच्या सर्व्हिसिंगमध्ये धरले पाहिजे.

या सर्वांआधी एक प्रश्न विचारून घ्यावा लागतो, तो असा की शक्ती तयार होत नाही की चाकापर्यंत पोहोचत नाही. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नसेल तर क्लच प्लेटा सरकत आहेत. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरत नसेल तर ब्रेक धरला आहे. ही दोन मिनिटांची पाहणी टाळून हेड उघडले गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

हेड उघडण्याची वेळ आलीच, तर काढलेला पिस्टन फेकून न देता त्याच्या बाजू निरखाव्यात. एक्झॉस्टच्या बाजूस उभे ओरखडे असतील तर तो पकडलेला आहे आणि कारण अद्याप इंजिनातच आहे. सर्व बाजूंनी सारखा झिजलेला पिस्टन आणि ढिल्या रिंगा दिसल्या तरच बोअरचा निर्णय योग्य ठरतो. तो पिस्टन मालकाला दाखवावा आणि सील बदलली की नाही हे बिलावर लिहावे, म्हणजे पुढच्या दुकानातील कारागिराला सुरुवात कोठून करायची ते कळेल. दुरुस्तीनंतरची फेरी बाजारपेठेत मारून भागत नाही; जिंतूर किंवा गंगाखेडच्या कारागिराला चढ जवळ आहे, आणि सेलू, मानवत, पाथरी येथील कारागिराने मागे माणूस बसवून, गाडी पुरेशी तापल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून ती किती अंतरात वेग घेते ते पाहावे आणि तो आकडा वहीत टिपून ठेवावा.