फुकट फिटिंग महागात पडते

जळगाव आणि धुळ्यात जुन्या मोटारी अजून भरपूर चालतात. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, ओम्नी व्हॅनचे २०१९ साली. पण एरंडोल, पारोळा, अमळनेरच्या बाजारांना कापडाचे गठ्ठे नेणारे आमचे कितीतरी व्यापारी बांधव आजही याच गाड्या वापरतात. इंजिनाची काळजी सगळे घेतात. ऑइल वेळेवर बदलतात, टायर पाहतात. डॅशबोर्डच्या मागे वायरिंगचे काय झाले आहे, हे मात्र कोणी पाहत नाही. आज आम्हाला त्याच विषयावर दोन शब्द लिहायचे आहेत, कारण त्यात गाडीमालकाचा पैसा आहे आणि ऑटो इलेक्ट्रिशियन बांधवांची रोजीही आहे.

अशा एखाद्या गाडीचा इतिहास पाहावा. आधी कॅसेट प्लेयर बसला. मग सीडीवाला सेट आला. मग पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथचा आला, आणि आता टचस्क्रीन. मालकही दोन-तीन बदलले. प्रत्येक नव्या सेटच्या वेळी फिटरने जुना कपलर कापला, वायरी सोलल्या, पिळल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. शेवटी डॅशबोर्डच्या मागे वायरींचा असा गुंता होतो की कोणती वायर कुठून आली, हे बसवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आता बरेच मालक म्हणतात की गाडीला पुन्हा कंपनी फिटेड दिसणारा सेट हवा. यात निव्वळ हौस नाही. १५ वर्षांपुढील खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५००० झाले, आणि २० वर्षांपुढील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० करण्यात आले. एवढे भरून जो गाडी ठेवतो, तो ती नीट ठेवू पाहणारच. गाडी विकायची झाली तरी गिऱ्हाईक डॅशबोर्डचे कापलेले भोक पाहून भाव पाडते. पण जुना सेट शोधून आणला तरी काम तिथे संपत नाही. सेटच्या मागचा कपलर शाबूत असतो, गाडीच्या बाजूचा मात्र कधीच कापलेला असतो. म्हणजे खरे काम सेट बसवण्याचे नसून वायरिंग पूर्ववत करण्याचे आहे.

बिघडलेल्या वायरिंगचे नुकसान मालकाला हिशेबात दिसत नाही, म्हणून तो हिशेब मांडतो. सेटला दोन प्लस वायरी लागतात. एक बॅटरीची कायम चालू, घड्याळ आणि स्टेशने लक्षात ठेवण्यासाठी. दुसरी चावी फिरवल्यावर चालू होणारी. फिटरने घाईत दोन्ही एकत्र करून कायम चालू वायरीला जोडल्या, तर चावी काढल्यावरही सेट किंवा त्याचा ॲम्प्लिफायर थोडा थोडा करंट खात राहतो. समजा तो २०० मिलिॲम्पियर आहे. दिवसाला ४.८ ॲम्पियर-तास झाले. ३५ ॲम्पियर-तासाची बॅटरी आठवड्यात रिकामी. व्यापारी सुरतेला खरेदीला जातो किंवा लग्नासाठी बाहेरगावी राहतो, परत येतो तर गाडी चालू होत नाही. दोष बॅटरीवाल्याला दिला जातो, नवी बॅटरी घेतली जाते आणि तीही तशीच बसते.

याहून गंभीर गोष्ट फ्यूजची. दहा ॲम्पियरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी मोठा फ्यूज, नाहीतर सरळ तांब्याची तार लावलेल्या गाड्या आम्ही पाहिल्या आहेत. फ्यूज उडतो तो वायर जळू नये म्हणून. त्याला गप्प केले की वायर स्वतःच फ्यूज होते, आणि ती प्लास्टिक व कापडाच्या मधून गेलेली असते. त्यात आमच्या खानदेशाचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. टेपचा गोंद पातळ होऊन टेप सुटते आणि पिळलेला जोड उघडा पडतो. ज्या व्हॅनमध्ये मागे कापडाचे गठ्ठे आहेत, तिच्यात ही जोखीम का घ्यावी?

हे सगळे होते कशामुळे? फिटर मुलाला काम येत नाही म्हणून, असे सरसकट म्हणणे अन्याय होईल. आमच्या मते मूळ कारण बाजारातील एक शब्द आहे: फिटिंग फ्री. सेट विकणारा गिऱ्हाईक ओढण्यासाठी फिटिंग फुकट देतो. गिऱ्हाईक खूश होते. मग ज्या मुलाच्या हाती काम येते त्याच्या वेळेला किंमतच उरत नाही. त्याला पंधरा मिनिटांत गाडी मोकळी करायची असते. कपलर शोधणे, मीटर लावणे, जोडाला कथिल देणे यासाठी त्याला कोणी पैसे देत नाही, म्हणून तो कटर हातात घेतो. फुकट फिटिंगचे पैसे शेवटी गाडीची वायरिंग भरते, आणि पुढच्या खेपेला मालक.

काम व्यवस्थित करायचे तर काय लागते, हे मालकानेही समजून घ्यावे, म्हणजे मजुरी देताना हात आखडणार नाही. आधी बॅटरीची मायनस काढायची. वायरीच्या रंगावर विसंबायचे नाही. बाजारातील सेटमध्ये साधारणपणे पिवळी कायम चालू, लाल चावीची आणि काळी अर्थिंगची असते. पण हे रंग सेटच्या वायरींचे झाले. गाडीच्या वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे. म्हणून प्रत्येक वायर मीटरने तपासायची. अनेक गाड्यांत आयएसओ पद्धतीचा कपलर असतो, त्याचे आठ-आठ पिनांचे दोन भाग, एक करंटचा आणि एक स्पीकरचा. त्यातही काही युरोपीय गाड्यांत चावीची आणि कायमची पिन उलट असते. मूळ कपलर मिळवण्यासाठी जुन्या गाड्या तोडणाऱ्यांकडे जावे आणि कपलर वीतभर वायरीसकट मागावा. तो न मिळाल्यास बाजारात जोड-कपलर मिळतो, तो मध्ये लावला तर एकही वायर कापावी लागत नाही.

स्पीकरच्या वायरींत फसगत जास्त होते. जुन्या कॅसेट प्लेयरपैकी बऱ्याच सेटमध्ये स्पीकरची मायनस गाडीच्या बॉडीला दिलेली असे. आजच्या बहुतेक सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरमधून येतात आणि त्यातली एकही बॉडीला लागता कामा नये. जुनी जोडणी तशीच ठेवून वर नवा सेट लावला की सेट जळतो आणि माल खोटा निघाला म्हणून दुकानात भांडण होते. प्लस-मायनस ओळखायला दीड व्होल्टचा सेल पुरतो. तो क्षणभर टेकवल्यावर स्पीकरचा पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची वायर प्लस. आणि गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या आवरणाच्या वायरींना हात लावू नये.

आमचे काही मित्र म्हणतील, गाडीच जुनी, तिच्यावर एवढा खर्च कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की, वायरिंग पूर्ववत करण्याची मजुरी एकदाच द्यावी लागते. बॅटरी, फ्यूज आणि जळालेले सेट यांचा खर्च वारंवार येतो. कारागीर म्हणतील, गिऱ्हाईक पैसेच देत नाही. तेही खरे आहे. पण जे काम दाखवले जात नाही, त्याचे पैसे कोण देणार? आम्ही कापडवाले थान आणि शिलाई यांचा भाव वेगळा सांगतो. शिंपी शिलाई फुकट देत नाही, मग फिटरने का द्यावी?

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, सेट विकणाऱ्यांनी बिलात सेटची किंमत आणि फिटिंगची मजुरी वेगळी लिहावी, आणि ती मजुरी काम करणाऱ्याच्या हाती पडावी. दुसरी, फिटरने काम झाल्यावर एका कार्डावर लिहून द्यावे: कोणती वायर कशाला जोडली, फ्यूज किती ॲम्पियरचा, तारीख कोणती. सेटला सुरक्षा-कोड असेल तर तोही मालकाने कार्डासोबत, पण गाडीबाहेर, जपून ठेवावा, कारण बॅटरी काढल्यावर काही सेट कोडशिवाय चालू होत नाहीत. मूळ कपलर काढावाच लागला तर तो मालकाला परत द्यावा. ती त्याची वस्तू आहे. तिसरी, जळगाव आणि धुळ्यातील जाणत्या उस्तादांनी एकत्र बसून मजुरीचे दर ठरवावेत आणि शागिर्दांना मीटर वापरायला शिकवावे. या धंद्यात आपली मुले मोठ्या संख्येने आहेत. नव्या गाड्यांत स्क्रीन आणि वायरिंग अशी गुंफलेली येते की कटर घेऊन काम करणाऱ्याला तिथे जागा राहणार नाही. मीटर, नकाशा आणि लिहिलेला हिशेब घेऊन काम करणाऱ्याला मात्र जुन्या गाडीतही काम आहे आणि नव्या गाडीतही.

व्यापारी बांधवांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी दुकानात "फिटिंग फ्री आहे का?" असे विचारू नका. "कपलर न कापता बसवणार का, आणि त्याचे किती घेणार?" असे विचारा. गिऱ्हाइकाने प्रश्न बदलला की बाजार उत्तर बदलतो.