दोष तिचा नाही, तिच्या आईचाही नाही

मूल होत नसलेल्या बाईला आपल्याकडे ‘वांझ’ म्हणतात, आणि उंची खुंटलेल्या बाईला ‘बुटकी’. हे दोन्ही शिक्के एकाच बाईवर बसतात तेव्हा तिला सासरही राहत नाही आणि माहेरही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत महिला मंडळांबरोबर काम करताना अशा बाया माझ्यापर्यंत आल्या आहेत. उंची साडेचार फुटांच्या आत, पाळी आपणहून कधीच आलेली नाही, लग्न जमवताना घरच्यांनी ती गोष्ट झाकलेली आणि दोन वर्षांत सासरच्यांनी माहेरी आणून सोडलेली. एकीच्या पिशवीत एका खाजगी दवाखान्याच्या कित्येक वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या. प्रत्येक चिठ्ठीवर पाळी आणायच्या गोळ्या लिहिलेल्या. पाळी का येत नाही, हे मात्र तिला कुणी एकदाही सांगितले नव्हते.

अशा सगळ्या बायांच्या मागे एकच कारण नसते. पण त्यातले एक कारण आपण कार्यकर्त्यांनी ओळखायला शिकलेच पाहिजे, असे माझे मत आहे. त्याचे नाव टर्नर सिंड्रोम. हेन्री टर्नर या अमेरिकन डॉक्टरांनी 1938 साली अशा सात जणींचे वर्णन केले, त्यावरून हे नाव पडले. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एकीला हा विकार असतो.

बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात. या मुलींत त्यांपैकी एक पूर्णपणे किंवा काही अंशी नसते. हाडांच्या वाढीला लागणारे एक जनुक त्या गुणसूत्रावर असते. त्याची एकच प्रत हाती राहिल्याने उंची खुंटते. बीजकोशातली बीजेही बहुतेकींत वयात येण्याआधीच संपून जातात. म्हणजे आखूड हाडे आणि रिकामा बीजकोश या दोन्हींचे मूळ एकच. गर्भाशय मात्र असते, आणि बुद्धी चारचौघींसारखीच असते.

इंग्लंडमध्ये चार्ल्स फोर्ड आणि सहकाऱ्यांनी अशा मुलीत 46 ऐवजी 45 गुणसूत्रे असल्याचे 1959 साली दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतून लियान रसेल या शास्त्रज्ञ बाईंनी एका सहकाऱ्यासह उंदरांबद्दलची माहिती प्रसिद्ध केली. एकच एक्स असलेली उंदरीण मादीच असते आणि तिला पिले होतात! बीजे तिचीही लवकर संपतात, पण तोवर ती विते. माणसाची उंची ज्या जनुकामुळे खुंटते ते उंदरांत मुळी नसतेच, त्यामुळे तो प्रश्न तिला येत नाही. उलट, एनपीआर-टू नावाच्या दुसऱ्याच जनुकाचे काम बंद पडलेल्या उंदरिणी ठेंगण्याही राहतात आणि त्यांना पिलेही होत नाहीत.

हे मी शास्त्राचे कौतुक म्हणून सांगत नाही. गुणसूत्राची तीच उणीव एका जिवाचे बीज संपवते आणि दुसऱ्याला विऊ देते. मग यात पाप-पुण्याचा, नशिबाचा आणि पांढऱ्या पायाचा संबंध येतो कुठे? आपल्या जळगावच्या केळीचेच पाहा. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, म्हणून तिला बी धरत नाही. तिच्यावर रावेर-यावलचे संसार उभे आहेत. तिला कुणी वांझ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

घरात मात्र पहिले बोट आईकडेच जाते. हिने गरोदरपणी ग्रहण पाळले नसेल, हिच्या माहेरचे रक्तच तसले, असे बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की, ज्या मुलींत एकच एक्स असते त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलींत ते आईकडून आलेले असते. बापाकडून यायचे ते गळालेले असते. म्हणून आता बापाला दोषी धरा, असे मी म्हणत नाही. पेशी तयार होताना किंवा विभागताना हे योगायोगाने घडते. नात्यातल्या लग्नाने ते होत नाही, आणि सहसा पुढच्या बाळंतपणात पुन्हा घडत नाही. दोष कुणाचाच नाही, हे ठणकावून सांगणे हे आपले पहिले काम आहे.

दुसरे काम वेळेवर ओळखण्याचे. जन्मतः हातापायांवर सूज, रुंद मान, वर्गातल्या मुलींच्या मागे पडत जाणारी उंची, तेरा वर्षे झाली तरी छातीची वाढ नाही, ही लक्षणे अंगणवाडी सेविकेला आणि शिक्षिकेला कळण्यासारखी आहेत. रक्तातील गुणसूत्रांच्या तपासणीने निदान होते. हाडांची वाढ चालू असतानाच वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने दिली तर उंचीत भर पडते. अकरा-बारा वर्षांच्या सुमारास स्त्री-संप्रेरक सुरू केले तर मुलगी वयात येते आणि हाडे ठिसूळ होत नाहीत. सर्वांत महत्त्वाची तपासणी हृदयाची, कारण अनेकींच्या महाधमनीत किंवा झडपेत जन्मजात दोष असतो. मूल होत नाही म्हणून बाई मरत नाही, पण न तपासलेल्या हृदयाने मरू शकते. ‘टेस्ट ट्यूब करून बघू’ म्हणणाऱ्या सासरलाही हे ऐकवले पाहिजे. दुसऱ्या बाईचे बीज घेऊन गर्भ राहू शकतो, पण अशा गरोदरपणात महाधमनी फाटण्याचा धोका असतो.

यावर आयांचा आक्षेप मला ठाऊक आहे. “ताई, कागदावर आलं म्हणजे पोरीचं लग्न कसं व्हायचं?” ही भीती खोटी नाही. पण झाकून लावलेल्या लग्नाचे काय होते, तेही आपण पाहतोच. मुलीला स्वतःचे शरीर माहीत असणे हा तिचा हक्क आहे. लग्न करायचे की नाही, कुणाशी, कोणत्या गोष्टी सांगून, हे मग ती ठरवील.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 842 मुली होत्या. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा गुणसूत्रांच्या विकृतींसाठी गर्भाच्या तपासणीला अटींवर मुभा देतो, आणि टर्नर सिंड्रोम मुलींनाच होतो. गर्भपाताचा निर्णय बाईचाच, यावर मी ठाम आहे. पण ‘हिला मूल होणार नाही’ एवढ्यावरून एखादी मुलगी नकोशी ठरवायला घरचे लोक त्या बाईवर दबाव आणत असतील, तर तो जुनाच रोग आहे.

कायद्याचा आधार आज आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात वैद्यकीय किंवा आनुवंशिक कारणाने प्रौढपणी 147 सेंटिमीटर वा त्याहून कमी उंची राहिली असेल, तर तिची नोंद अपंगत्वाच्या प्रकारांत आहे. मूल न होणे हे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचे स्वतंत्र कारण नाही, आणि पहिली नांदवत नाही म्हणून दुसरी करणे हा गुन्हाच आहे. 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणाच्या यादीत टर्नरसाठीचे वाढीचे संप्रेरक आहे. पण त्यासाठी नेमलेले केंद्र म्हणजे मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय, जळगावहून चारशे किलोमीटरवर. मजुरी बुडवून मुलीला घेऊन तिथे वारंवार कोण जाणार?

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. शाळेत मुलींची उंची दर सहा महिन्यांनी मोजून तक्त्यावर नोंदवा. रक्ताचा नमुना जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत घ्या आणि तपासणीला पाठवा, मुलीला पाठवू नका. निदान झाल्यावर औषधे जिल्ह्यातच, फुकट मिळू द्या. आणि निदान सांगताना आधी मुलीशी बोला, मग इतरांशी.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना मोजपट्टी घेऊन या. गावातल्या कुठल्या मुलीची वाढ थांबली आहे, हे तिच्या आईला बरोबर घेऊन पाहू या. तिला मूल होईल का, हा प्रश्न नंतर. आधी तिचे हृदय तपासले गेले आहे का, हे विचारू या.