रात्रीचा लाल दिवा आधी विझवा

शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात रात्रभर लाल दिवा जाळणाऱ्यांना स्पष्ट सांगतो: तुम्ही त्याला ऊब देत नाही, त्याची झोप मोडता. अमेरिकेत मी शॅमेलिऑन पाळतो आणि इथल्या दुकानांत हा दिवा ‘रात्रीसाठी खास’ म्हणून विकला जाताना पाहतो. लाल उजेड त्याला दिसत नाही, असं विक्रेता ठणकावून सांगतो. ही शुद्ध थाप आहे. लाल उजेड तर त्याला दिसतोच, आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात.

‘वाळवंटातला सरडा, तापवा त्याला!’ हे आणखी एक अडाणी ज्ञान. व्हेल्ड जातीचा शॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियाच्या डोंगराळ भागातला. तिथे रात्री गारवा उतरतो. घरातला पारा रात्री १८ अंशांवर आला तरी निरोगी, प्रौढ प्राण्याला तो मानवतो. त्याला हवा असतो पूर्ण अंधार.

दिवसा तर अत्याचारच. ऊन खायच्या फांदीवर २९-३० अंश पुरेत आणि खाली पानांच्या सावलीत २२-२४. लोक मात्र बल्ब थेट जाळीवर टेकवतात. वर चढलेल्या प्राण्याचा तुरा आणि पाठ भाजते; चटका बसताच तो बाजूला होईल, या भरवशावर राहू नका. फिका पडून, तोंड वासून बसलेला शॅमेलिऑन उकाड्याने हैराण झालेला असतो. अन् मालक ‘हसतोय’ म्हणून त्याचे फोटो काढतात!

यूव्हीबी या अतिनील किरणांबाबतची बेपर्वाई तर अक्षम्य आहे. या किरणांमुळे त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होतं. ते कमी पडलं की कॅल्शियम शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. खिडकीची काच हे किरण अडवते. पिंजऱ्याची जाळीही त्यांतला मोठा वाटा खाते. वळणदार छोट्या बल्बचा झोत अरुंद असतो. पिंजऱ्याच्या रुंदीभर लांब नळीच हवी. ती लख्ख पेटत असली तरी तिचं यूव्हीबी ओसरत जातं. म्हणून मीटरने मोजा, नाहीतर वर्षाच्या आत बदला.

२००९ साली कार्स्टन, फर्ग्युसन आणि सहकारी संशोधकांनी पँथर जातीच्या शॅमेलिऑनवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आहारातून डी३ कमी मिळालेले प्राणी स्वतःहून जास्त यूव्हीबी घेत होते. किती यूव्हीबी घ्यायचं, हे त्याचं शरीर जाणतं. आपलं काम एवढंच, की त्याला जागा निवडता आली पाहिजे: वर ऊन, खाली सावली, रात्री काळोख. सगळीकडे सारखा तापलेला पिंजरा हा हक्कच काढून घेतो.

महाराष्ट्रातल्या रानातला शॅमेलिऑन पकडून घरी आणणं तर गुन्हाच आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला झाडावरच राहू द्या.

परदेशात कायदेशीररीत्या पाळणाऱ्यांनी प्राणी आणण्याआधी तापमापक, टायमर आणि योग्य नळी बसवावी, आठवडाभर तापमान तपासावं. एवढा खर्च आणि एवढी कळ ज्याला सोसवत नाही, त्याने शॅमेलिऑन घेऊ नये.