किनाऱ्याव की किनाऱ्यावर?

आमच्या कोळीवाड्यातल्या एका पोराने गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर स्वतः लिहिलेलं प्रेमगीत पाठवलं. "काका, रेकॉर्डिंगच्या आधी शुद्धलेखन बघा ना." बातम्या तपासायची वीस वर्षांची सवय! पाच मिनिटांत सगळी बोली 'सुधारून' टाकली. परत वाचलं, तर गाण्यातली पोरगी थेट पुण्याची झाली होती.

मंडळी, 'गोव्याच्या किनाऱ्याव' वाजलं की कुठलीही हळद नाचते. तिथे शेवटचा 'र' कोणी शोधत नाही. पण आमचं पोर शाळेत तसंच बोललं की वर्ग हसतो. माझ्यावरही हसलेत. पुढे मीही हसलो, हे जास्त वाईट.

'मी डोलकर' शांता शेळक्यांनी लिहिलं, चाल हृदयनाथांची. गाणं अजरामर, वाद नाही. पण शांताबाई इंदापूरच्या. आज डोल जाळ्यावर जगणाऱ्या घरातला पोरगा स्वतः लिहितो, स्वतः यूट्यूबवर टाकतो. मग घरात कोणी बोलत नाही त्या भाषेत त्याने प्रेम का करावं?

आणि गाणं डीजेचं नाही हो, हळू चालीचं आहे. जून-जुलैची मासेमारी बंदी, होडी वर ओढलेली. तो दिवसभर रिकामा, आणि ती सुक्या मासळीची पाटी घेऊन बाजारात! दोघांची भेट काही होत नाही. अशी लव्हस्टोरी अलिबाग-मुरूडच्या ड्रोन शॉटमध्ये कधी पाहिलीय?

माझ्या दुरुस्त्या काढून फाईल परत पाठवलीय. दोन अनुस्वार तेवढे ठेवलेत.