पंगत आणि पुडी

मर्कटाला मद्य पाजण्याचा दृष्टांत संस्कृतांत थट्टेचा आहे. परवां बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत माकडें पाहतांना तो आठवला, तों सोबतच्या जुन्या विद्यार्थ्याचे डोळे भरून आले. त्याचा कॉलेजांतील मुलगा ‘एमडी’च्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, नादीं लागला आहे. 2015 सालीं कायद्यानें निषिद्ध ठरलेली ही पूड मेंदूंत डोपामीन व सेरोटोनिन ह्या द्रव्यांचा पूर आणते. अशा उत्तेजकांनीं कॉर्टिसोल हें ताणाचें संप्रेरकही चढतें. “कुळाला बट्टा लावलास,” असें म्हणून घरच्यांनीं त्याला पंगतींतून उठविलें.

आम्हीं त्यास अमेरिकेंतील 2002 सालचा प्रयोग सांगितला. 20 माकडें आधीं एकेकटीं, मग चारचारांच्या कळपांत ठेविलीं. कळपांत ज्यांस वरचा मान मिळाला, त्यांच्या मेंदूंत डोपामीन टिपून घेणारीं ठिकाणें अधिक आढळलीं, आणि कोकेन हाताशीं असूनही त्यांस त्याची ओढ लागली नाहीं. खालच्या पायरीवरील माकडांस मात्र ती लागली.

माणसाचें जिणें माकडाहून गुंतागुंतीचें. तेव्हां डॉक्टर हवाच. परंतु वाचकहो, घरांत नित्य अवमान सोसणाऱ्या मुलास बाहेरची पुडी गोड लागल्यास नवल काय? आधीं त्याचें पान पुन्हां मांडा.