शर्यत नव्हे, धांव

वार्षिक क्रीडासमारंभाचा दिवस आमच्या शाळांतून मोठ्या थाटाचा असतो. मैदानावर चुन्याच्या रेघा आंखल्या जातात, मांडव उभारला जातो, पाहुण्यांच्या हस्तें ढाली व पेले वांटले जातात. परंतु त्या दिवशीं शाळेंतील किती मुलें खरोखर धांवतात? वर्गांतून चार निवडावयाचीं, त्या चारांतून एक निवडावयाचें, आणि बाकीच्यांनीं मांडवाखालीं बसून टाळ्या वाजवावयाच्या, असा आमच्या खेळांचा परिपाठ पडून गेला आहे. पालक तर केवळ प्रेक्षक. ज्या मुलाचा एकदां शेवटचा नंबर आला व ज्याची सोबत्यांनीं थट्टा केली, तें मूल पुढें मैदानाकडे फिरकत नाहीं. शरीर देवानें सर्वांस दिलें असतां त्याची जोपासना मात्र निवडक चौघांची व्हावी, ही रीत आम्हांस न्यायाची वाटत नाहीं. ती पालटतां येण्याजोगी आहे, असें परदेशीं आमच्या प्रत्ययास आलें. म्हणून हा लेखप्रपंच.

इंग्लंडांत प्रवास करीत असतां एका शनिवारीं सकाळीं एका लहानशा गांवच्या बागेंत जाण्याचा योग आला. तेथें दर शनिवारीं गांवकरी जमून ५ किलोमीटर, म्हणजे सुमारें ३ मैल, धांवतात. या उपक्रमास ‘पार्करन’ म्हणतात. माणसें जेमतेम पन्नास-साठ असतील. पाऊस भुरभुरत होता, तरी कोणी घरीं राहिल्याचें दिसलें नाहीं. नातवाचा हात धरून आलेली आजी, तान्ह्या मुलाची गाडी ढकलणारी आई, काठी टेकीत चालणारे एक वृद्ध गृहस्थ, आणि त्यांच्याच शेजारीं सडसडीत अंगाचे तरबेज धांवपटु, अशी ती सरमिसळ मंडळी होती. आरंभीं एका स्वयंसेविकेनें वाट समजावून सांगितली, प्रथमच आलेल्यांचें स्वागत केलें, आणि परगांवाहून कोण आलें आहे असें विचारलें. आम्हीं महाराष्ट्राचें नांव घेतांच साऱ्यांनीं टाळ्या वाजविल्या. अद्याप आम्ही एक पाऊलही धांवलों नव्हतों!

या उपक्रमाचा इतिहास जाणण्यासारखा आहे. पॉल सिंटन-ह्यूइट नांवाच्या गृहस्थांस दुखापतीमुळें धांवणें अशक्य झालें होतें, आणि त्याच सुमारास त्यांची नोकरीही गेली होती. तरी मित्रांची संगत सुटूं नये, म्हणून त्यांनीं २ ऑक्टोबर २००४ रोजीं लंडनच्या पश्चिमेस टेडिंग्टन येथील बुशी पार्कमध्यें इतरांसाठीं धांव आयोजिली. त्या दिवशीं अवघे १३ जण धांवले. दोन वर्षांहून अधिक काळ हा मेळावा त्या एकाच बागेंत भरत होता. दुसरा २००७ सालीं विंबल्डन येथें सुरू झाला. आज २० हून अधिक देशांत, २००० हून अधिक ठिकाणीं असे मेळावे भरतात. ज्यास स्वतःस धांवतां येत नव्हतें, त्यानें इतरांच्या धांवण्याची सोय केली, आणि त्यांतून एवढा वृक्ष वाढला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं मनांत ठेवावी.

त्याची व्यवस्था साधी आहे. प्रवेशास एक पैसाही पडत नाहीं. आरंभीं एकदांच नांव नोंदवावें लागतें. मग प्रत्येकास स्वतःचा बारकोड मिळतो, आणि तो कोणत्याही देशांतील मेळाव्यास चालतो. शेवटच्या रेषेवर एक स्वयंसेवक वेळ टिपतो, दुसरा अनुक्रमांकाचा बिल्ला हातीं देतो, तिसरा बिल्ला व बारकोड यंत्रानें वाचून घेतो. वळणावळणावर वाट दाखविणारे उभे असतात. ही सारी माणसें बिनपगारी, गांवांतलींच. आज जो धांवतो तोच पुढच्या शनिवारीं घड्याळ धरतो. धांवांची ठराविक संख्या पुरी करणाऱ्यास विशिष्ट रंगाचा सदरा घालण्याचा मान मिळतो, तसाच तो वारंवार सेवा करणाऱ्यासही मिळतो. सेवा व पराक्रम यांस एकाच पंक्तीस बसविणारी ही रीत आम्हांस फार आवडली.

त्याहून एक गोष्ट आमच्या मनांत खोल रुजली. सर्वांच्या मागून एक स्वयंसेवक मुद्दाम सावकाश चालत येतो. शेवटीं येणें हेंच त्याचें काम! त्यामुळें दुसरा कोणीही शेवटचा ठरत नाहीं, आणि मागें पडलेल्यास सोबत मिळते. पहिल्या येणाऱ्यास ‘विजेता’ म्हणत नाहींत. तो केवळ प्रथम पोंचलेला. आम्हीं पाहिलें कीं, ते काठीवाले गृहस्थ आले तेव्हां त्यांचें कौतुक करण्यास कित्येक जण पावसांत थांबले होते.

यावर आक्षेप येतील. पहिला असा कीं, चुरस गेली म्हणजे जोमही गेला. २०२४ च्या फेब्रुवारींत या संस्थेनें आपल्या संकेतस्थळावरून विक्रमांच्या याद्या काढून टाकिल्या, तेव्हां पुष्कळ धांवपटूंनीं नाराजी दाखविली होती. त्यांचें म्हणणें अगदींच वावगें नव्हे. परंतु प्रत्येकाची वेळ तेथें आजही नोंदली जाते. ज्यास ईर्ष्या हवी त्यानें गेल्या शनिवारच्या स्वतःशींच झुंजावें. प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस शर्यतीचा दृष्टांत दिला, त्यांत बक्षीस एकासच मिळतें खरें. पण धांवावयाचें सर्वांनीं, हें आम्ही बहुधा विसरतों. एरिक लिडेल यांचें उदाहरण पाहा. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकांत रविवार पाळण्यासाठीं त्यांनीं १०० मीटरची शर्यत सोडिली, आणि ४०० मीटरची जिंकिली. पुढें ते चीन देशांत मिशनरी झाले. जपान्यांच्या वेइशिएन येथील छावणींत, जेथें १९४५ सालीं त्यांचा अंत झाला, तेथें ते बंदिवान मुलांसाठीं खेळ चालवीत असत. सुवर्णपदक व ही सेवा यांत थोर कोणती, हें वाचकांनींच ठरवावें.

दुसरा आक्षेप खर्चाचा. २०१६ सालीं इंग्लंडांतील स्टोक गिफर्ड येथील ग्रामसभेनें बागेच्या देखभालीसाठीं या मेळाव्याकडून पैसे मागितले. विनामूल्य तत्त्व सोडावयाचें नाहीं म्हणून तेथील मेळावाच बंद पडला. त्या वादांत आमचें मन मेळाव्याकडे झुकतें. तथापि फुकट म्हटलेल्या गोष्टीचा भार कोणीतरी वाहतच असतो, हेंही खरें. म्हणून ज्यांनीं मैदान वापरावें, त्यांनींच तें झाडावें, दगड वेंचावे, झाडांस पाणी घालावें.

तेव्हां आमची सूचना अशी. क्रीडासमारंभ आहे तसा चालूं द्यावा. परंतु दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं, ऊन चढण्यापूर्वीं, शाळेच्या मैदानावर मुलें, मुली, पालक व शिक्षक यांनीं मिळून २ किलोमीटर धांवावें किंवा चालावें. पालकांनीं पाळीपाळीनें घड्याळ धरावें. नंबर पुकारूं नये. प्रत्येकानें आपली वेळ आपल्या वहींत लिहावी. यास ना मांडव लागतो, ना पेले, ना पाहुणे.

पालकांपैकीं कांहीं म्हणतील, शनिवारीं शिकवणी असते. त्यांस आम्ही नम्रपणें विचारतों, महिन्यांतून एक तास मुलाबरोबर चालण्यास नसेल, तर ती शिकवणी कोणासाठीं? आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांत जो सर्वांत जलद असेल त्यानें एखाद्या शनिवारीं मागून चालण्याचें काम आपण होऊन मागून घ्यावें. वर्गांत मागें बसणाऱ्या, अंगानें जड, धापा टाकणाऱ्या सोबत्याशीं बोलत त्यानें ती वाट पुरी करावी. त्या दिवशीं त्याच्या वहींत वेळ मोठी पडेल. पण त्या सोबत्याचें पाऊल पुढच्या महिन्यांत पुन्हां मैदानाकडे वळेल.