विश्लेषण : दिवाळीचा रंग पावसाळ्यात का उतरतो?

नवरात्रात रेणुकामातेच्या यात्रेला पाहुणे येणार, पाठोपाठ दिवाळी. त्यामुळे पाऊस ओसरला की चांदवडमध्ये घर रंगवण्याची लगबग सुरू होते. भिंतीला नवा रंग, अंगणात पेव्हर ब्लॉक, दारात चार शोभेच्या कुंड्या, हा आता ठरून गेलेला बेत. खर्च दणकून होतो. पण पुढच्या-मागच्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे सुटतात आणि वैशाखात कुंड्या वाळतात. नाशिक जिल्ह्याच्या टंचाईग्रस्त पूर्व पट्ट्यातील या गावात घराची दर्शनी बाजू रंगापेक्षा पाण्यावर अवलंबून असते. भिंतीत शिरणारे पाणी आणि अंगणात न मुरणारे पाणी, दोन्हींचा हिशेब आधी मांडावा लागतो.

रंग चुकतो की मुहूर्त?

बहुतेक वेळा मुहूर्त. चार महिने पाणी प्यायलेली भिंत सप्टेंबरअखेर वरून कोरडी दिसते, आतून ओलीच असते. त्यावर इमल्शनचे दोन हात मारले, की पातळ पापुद्रा तयार होतो. आतला ओलावा बाहेर पडताना या पापुद्र्याला ढकलतो आणि फुगे येतात. विटा-सिमेंटमधले क्षार ओलाव्याबरोबर पृष्ठभागावर येऊन लोणाही लागतो. मग दोष दुकानदाराला किंवा रंगाऱ्याला दिला जातो.

भिंत वाळली की नाही, हे घरच्या घरी तपासता येते. हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूने दव धरले, तर रंगकाम थांबवावे. नव्या गिलाव्याला तर साधारण २८ दिवस द्यावेतच. बाहेरच्या भिंतींसाठी माघ-फाल्गुन हा सर्वांत चांगला काळ. हवा कोरडी असते आणि ऊन अजून भाजत नाही. एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या भिंतीवर रंग लावताच सुकतो, नीट धरत नाही. दिवाळीची सफाई दिवाळीलाच करावी, पण बाहेरचा रंग गुढीपाडव्याला नवा दिसेल असे ठरवले तर तोच पैसा जास्त वर्षे टिकतो. पाहुण्यांपुढे एक दिवाळी जुन्या रंगात काढावी लागेल, एवढेच.

ओल येते कुठून?

वरून आणि खालून. गच्चीच्या कठड्याला गेलेल्या चिरा, खिडकीवरच्या छज्ज्याचा उलटा उतार, भिंतीला लागूनच सुटणारा पावसाच्या पाण्याचा पाइप ही वरची कारणे. गवंडी एका दिवसात ती बुजवू शकतो, पण रंगाऱ्याला बोलावण्याआधी गवंड्याला बोलावण्याची पद्धत नाही. जोत्याकडून वर चढणारी ओल जास्त हट्टी. जोत्याला टेकून माती किंवा काँक्रीट चढवले, की भिंत ते पाणी शोषते आणि कमरेइतक्या उंचीपर्यंत डाग पडतात. महागडी पुट्टी लावून ते झाकले जातात, बरे होत नाहीत.

यात घरमालकाच्या हाताबाहेरचेही एक कारण आहे. गावातले रस्ते नव्याने करताना जुना थर न खोदता त्यावरच नवा थर टाकला जातो. दर कामात रस्ता वर येतो आणि जुनी घरे खाली जातात. पूर्वी तीन पायऱ्या चढून जायचे घर एका पायरीवर आले, की रस्त्याचे पाणी ओट्यावर येणारच. अशा घराला दरवर्षी रंग दिला तरी उपयोग शून्य. रस्त्याची पातळी आणि गटाराचा उतार घरांचे जोते पाहून ठरवला जातो का, हे नगर परिषदेला विचारणे हा नागरिकांचा हक्क आहे.

जुन्या घरांना कोणता रंग मानवतो?

चांदवडच्या होळकरकालीन रंगमहालात कोरीव लाकडी खांब आणि भित्तिचित्रे आहेत. अहिल्यादेवींच्या नावाशी जोडलेली ही वास्तू बाहेरून मात्र किल्ल्यासारखी भक्कम. नावात रंग असला तरी तो सगळा आत. गावातल्या जुन्या घरांचीही रीत तीच होती. काळ्या दगडाचे जोते उघडे, वर माती-विटांची भिंत आणि तिला चुना. चुन्याच्या भिंतीतून ओलावा आत-बाहेर होत राहतो, म्हणून ती कुजत नाही. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर इमल्शन चढवले, की वाट बंद होते आणि आतली माती भुसभुशीत होऊ लागते. जुन्या भिंतीला चुनाच द्यावा. तो दर एक-दोन वर्षांनी द्यावा लागतो, पण स्वस्त असतो. दगडी जोत्यावर ऑइलपेंट फासण्याची जी टूम निघाली आहे, ती दगडाला अजिबात शोभत नाही.

नव्या सिमेंटच्या घराचे गणित वेगळे. त्याला प्राइमर आणि बाहेरच्या भिंतीसाठीचे इमल्शनच योग्य. तिथे प्रश्न छटेचा. गडद राखाडी आणि चॉकलेटी ‘एलिव्हेशन’ची सध्या चलती आहे. गडद रंग ऊन शोषतो आणि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत तापलेली राहते. पांढराशुभ्र रंग महामार्गाच्या धुळीने वर्षभरात मळतो. मळकट पिवळसर, फिकट गेरूसारख्या छटा धूळ झाकतात आणि उष्णताही बरीच परतवतात. शुभ्र पांढरा गच्चीवर वापरावा. तिथे तो दिसण्यासाठी नाही, घर थंड ठेवण्यासाठी असतो.

जुना रंग खरवडताना काळजी कशाची?

शिशाची. घरगुती रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा केंद्राचा २०१६चा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारे-खिडक्या आणि ग्रिलवरच्या ऑइलपेंटमध्ये ते जास्त असू शकते. असा रंग कोरडा घासला तर धूळ घरभर पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूला ती सर्वांत घातक. पृष्ठभाग ओला करून घासावा, रंगाऱ्याने मास्क लावावा, मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी दुसरीकडे असावी.

अंगण झाकावे की उघडे ठेवावे?

सडा-रांगोळीला चार हात पक्की जागा आणि गाडीच्या चाकांपुरती फरशी पुरते. बाकीची माती उघडी ठेवावी. पेव्हर ब्लॉक काँक्रीटवर बसवले, की पाणी मुरायला जागाच राहत नाही. वाळूच्या थरावर बसवले तर सांध्यांतून थोडे तरी उतरते.

हिरवळीची हौस चांदवडला परवडणारी नाही. कडक उन्हात एक चौरस मीटर हिरवळीला रोज साधारण पाच लिटर पाणी लागते. म्हणजे २० चौरस मीटरची हिरवळ दिवसाला १०० लिटर पिते. जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचा निकष ठेवला आहे. दारातले गवत जवळपास दोन माणसांचे पाणी खाते, आणि तेही शेजारच्या वाडीवर टँकरची वाट पाहिली जात असताना.

उलट बाजूचा हिशेब जास्त सुखावणारा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटर भरते. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर तिच्यावर ४६ हजार लिटर पाणी पडते. त्यातला निम्मा जरी भिंतीपासून दूर खोदलेल्या शोषखड्ड्यात गेला, तरी जोते कोरडे राहते आणि अंगणातली झाडे जगतात. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत पर्जन्यजल संकलनाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरील भूखंडांना आहे. गावातली बहुतेक घरे त्याहून लहान, म्हणजे नियमाबाहेर. लहान घरांना खड्ड्यासाठी घरपट्टीत सवलत दिली, तर नगर परिषदेला ती महागात पडणार नाही.

झाडे कोणती लावावीत?

या मातीत आणि उन्हात टिकणारी. फुलांसाठी तगर, पांढरा चाफा, पारिजातक, फाटकावर बोगनवेल. कण्हेरही तग धरते, पण ती विषारी आहे, लहान मुलांच्या घरी टाळावी. शेवगा आणि सीताफळ शोभेबरोबर खायलाही देतात. कोनोकार्पसची हिरवीगार भिंत नर्सरीत मोह पाडते. गुजरातने मात्र २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. रोपे पहिल्या दमदार पावसानंतर लावावीत, बुंध्याशी पालापाचोळा पसरावा आणि उन्हाळ्यासाठी शेजारी मातीचे मडके पुरून ठेवावे. त्यातून झिरपणारे पाणी थेट मुळांना मिळते. वड-पिंपळ मात्र भिंतीलगत नको.

नवे ‘एलिव्हेशन’ रस्त्यावरून दिसावे म्हणून दारातला जुना कडुनिंब तोडण्याचा विचार अनेक घरांत होतो. नगर परिषद हद्दीत झाड तोडायला १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. तो कडुनिंब पश्चिमेला असेल, तर दुपारचे ऊन तोच अडवतो आणि त्या भिंतीचा रंगही त्याच्याच सावलीत जास्त वर्षे टिकतो.